हिपॅटायटिस ‘सी’ आणि मेदाचे चयापचय : कमी कोलेस्टेरॉलचे फसवे समाधान

लिपिड प्रोफाइलचा कागद हाती आला की आपली नजर प्रथम वाढलेल्या आकड्यांकडे जाते. एकूण कोलेस्टेरॉल २४० असले तर आपण आहारविहाराची चौकशी करतो, मेदोहर कल्पांचा विचार करतो, रुग्णाला नियमित चालण्यास सांगतो. तोच आकडा ११० असला तर रुग्णही समाधानी आणि वैद्यही समाधानी. कागदाची घडी होते आणि तो पाकिटात परत जातो. परंतु रक्तातील मेद कमी असणे हे प्रत्येक वेळी आरोग्याचेच लक्षण असते असे नाही. यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला एक विषाणू रक्तातील मेद कमी करतो आणि त्याच वेळी यकृतात मेद साठवतो. रिपोर्टमधील ‘चांगला’ आकडा अशा वेळी व्याधीचाच पुरावा असतो.

हा विषाणू म्हणजे हिपॅटायटिस सी. त्याचा यकृतावर होणारा परिणाम आपणा सर्वांस सामान्यतः परिचित आहे. मेदाच्या चयापचयाशी असलेले त्याचे नाते मात्र आपल्या चर्चासत्रांत फारसे मांडले जात नाही. प्रस्तुत लेखात या नात्याची संप्राप्ती, आयुर्वेदीय दृष्टीने तिचा करता येणारा विचार आणि चिकित्सा करताना घ्यावयाची काळजी यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे. औषधी दुकान अथवा फार्मसी चालविणाऱ्या वाचकांसाठीही यात काही व्यवहारोपयोगी मुद्दे आहेत.

विषाणूचा संक्षिप्त परिचय

१९७०च्या दशकात अमेरिकेतील हार्वे ऑल्टर यांच्या असे लक्षात आले, की रक्त दिल्यानंतर उद्भवणाऱ्या यकृतशोथाचे बहुसंख्य रुग्ण ‘ए’ वा ‘बी’ यांपैकी कोणत्याच विषाणूचे नसतात. पुढे १९८९ मध्ये मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अज्ञात विषाणूची जनुकीय ओळख पटविली आणि १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांनी हा एकटा विषाणू यकृतशोथ निर्माण करू शकतो हे सिद्ध केले. या तिघांना २०२० मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना या विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग आहे, दरवर्षी सुमारे १० लाख नवे संसर्ग होतात आणि २०२२ या एका वर्षात सुमारे २ लाख ४२ हजार लोक त्यामुळे दगावले.

या व्याधीचा प्रसार रक्तावाटे होतो. दूषित सुया, पुन्हा वापरलेल्या सिरिंजा, न तपासलेले रक्त, डायलिसिस, नशेची इंजेक्शने, गोंदण, न्हाव्याचा वस्तरा अशी त्याची द्वारे आहेत. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के व्यक्ती पहिल्या सहा महिन्यांत उपचाराविना विषाणुमुक्त होतात. उर्वरितांत तो कायम राहतो. अशा दीर्घकालीन रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के व्यक्तींना वीस वर्षांच्या अवधीत सिरोसिस होण्याचा धोका असतो. या सर्व काळात कावीळ बहुधा नसतेच. थकवा, मंदाग्नी, उजव्या कुशीत जडपणा एवढ्याच तक्रारी घेऊन हा रुग्ण येतो, आणि तो अनेकदा प्रथम आपल्याकडेच येतो. म्हणून हा विषय आपल्या दवाखान्याचा आहे.

मेदाच्या गाडीतील विनातिकीट प्रवासी

यकृत हे मेदाचे मोठे आवक-जावक केंद्र होय. तेथे मेदाम्ले तयार होतात, जाळली जातात, साठविली जातात आणि प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात पाठविली जातात. या बांधलेल्या गाठोड्यांना आपण लायपोप्रोटीन म्हणतो. यकृतातून निघणारे गाठोडे म्हणजे व्हीएलडीएल. रक्तात फिरताना त्यातील ट्रायग्लिसराइड उतरत जाते आणि शेवटी उरते ते एलडीएल.

हिपॅटायटिस सीचा विषाणू याच वाहतुकीत शिरतो. रक्तात तो एकटा फिरत नाही, तर लायपोप्रोटीनशी एकरूप होऊन, अपो-बी व अपो-ई या प्रथिनांसह फिरतो. या संयुक्त कणास शास्त्रज्ञ ‘लायपो-व्हायरल’ कण म्हणतात. याचे त्यास दोन लाभ होतात. पहिला असा, की शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस तो परका न वाटता घरचाच माल वाटतो. दुसरा असा, की यकृतपेशींच्या ज्या द्वारांतून लायपोप्रोटीन आत घेतले जाते, त्याच द्वारांतून त्यासही प्रवेश मिळतो. एलडीएल ग्राहक, एचडीएलशी संबंधित एसआर-बी१ ग्राहक आणि कोलेस्टेरॉल शोषणाशी संबंधित एनपीसी१एल१ हे तिन्ही विषाणूच्या प्रवेशात भाग घेतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यांच्या जोडीला सीडी८१, क्लॉडिन व ऑक्लुडिन ही प्रथिनेही लागतात.

पेशीत शिरल्यावरही मेदाची गरज संपत नाही. विषाणूच्या आरएनएची प्रत काढण्यासाठी पेशीतील पटलांचे एक जाळे विणले जाते आणि ते कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिड यांनी समृद्ध असते. नव्या विषाणूची जुळणी तर मेदाच्या थेंबांलगतच होते. विषाणूचे ‘कोअर’ नावाचे प्रथिन या थेंबांवर आवरणासारखे पसरते, तेथेच आरएनए त्यात भरला जातो आणि तयार झालेला कण व्हीएलडीएल बाहेर पाठविण्याच्या मार्गानेच रक्तात सोडला जातो. प्रवेश, वृद्धी, जुळणी आणि निर्गमन या चारही अवस्थांत मेदावर एवढा अवलंबून असलेला दुसरा मानवी विषाणू सहजी सांगता येणार नाही.

यकृतात मेद का साठतो?

दीर्घकालीन हिपॅटायटिस सीच्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये यकृतपेशींत मेदसंचय आढळतो. त्यामागील कारणे तीन गटांत मांडता येतात.

पहिले कारण, मेदाची अधिक निर्मिती. विषाणूची प्रथिने एसआरईबीपी-१सी या नियामकास चेतवितात. त्यामुळे मेदाम्ले तयार करणारी विकरे अधिक काम करू लागतात.

दुसरे कारण, मेदाचे अपुरे ज्वलन. पेशीतील मायटोकॉन्ड्रियात मेदाम्ले जाळली जातात. त्या क्रियेचा सूत्रधार असलेला पीपीएआर-अल्फा हा घटक या संसर्गात मंदावतो. मायटोकॉन्ड्रियावरच ताण येऊन विघातक ऑक्सिजन कण वाढतात आणि साठलेल्या मेदाचेही ऑक्सिडीकरण होऊन शोथ वाढतो.

तिसरे कारण, मेदाच्या निर्गमनास अवरोध. ट्रायग्लिसराइड व अपो-बी यांची बांधणी एमटीपी नावाचे प्रथिन करते. कोअर प्रथिनामुळे त्याचे कार्य घटते, व्हीएलडीएल कमी बांधले जाते, मेद पेशीतच अडकून पडतो. परिणामी रक्तातील अपो-बी, एलडीएल व एकूण कोलेस्टेरॉल कमी होते.

येथेच लेखारंभीच्या कोड्याचा उलगडा होतो. कोठारात माल तुंबला आहे आणि बाजारात टंचाई आहे. आपण बाजाराचा भाव पाहून कोठार रिकामे असल्याचे समजतो.

१९९८ मध्ये जपानी संशोधकांनी केवळ कोअर प्रथिनाचे जनुक घातलेले उंदीर तयार केले. त्यांच्या यकृतात प्रथम मेदसंचय आणि पुढे यकृताचा कर्करोग निर्माण झाला. मेदसंचय ही निरुपद्रवी सोबतीण नसून पुढील घातक अवस्थेच्या वाटेवरील एक पायरी असू शकते, याकडे या प्रयोगाने लक्ष वेधले. रुग्णांमध्येही मेदसंचय असलेल्या यकृतात तंतुभवन अधिक वेगाने होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

जनुकीय प्रकार ३ : भारतासाठी विशेष महत्त्वाचा

या विषाणूचे सहा मुख्य जनुकीय प्रकार आहेत. आणखी दोन विरळ प्रकार नंतर ओळखले गेले. भारतात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल प्रकार १. मेदाच्या दृष्टीने या दोहोंत मूलभूत भेद आहे.

प्रकार १च्या रुग्णातील मेदसंचय बहुधा स्थौल्य, इन्सुलिनरोध व मधुमेह यांच्या सोबतीने येतो. त्यास चयापचयजन्य मेदसंचय म्हणता येईल. प्रकार ३ मध्ये विषाणू स्वतःच मेद साठवितो. रुग्ण कृश असू शकतो, मद्यपान करीत नसतो, तरी यकृत मेदुर असते. रक्तातील विषाणूंची संख्या जितकी अधिक तितका मेदसंचय अधिक, आणि विषाणू नष्ट झाला की तो ओसरतो. एलडीएल कमी होण्याचे प्रमाणही याच प्रकारात अधिक ठळक असते.

उदाहरणादाखल असा रुग्ण डोळ्यांपुढे आणू. वय ४२, शेतीकाम, शरीर कृश, कोणतेही व्यसन नाही. अरुची व थकवा ही तक्रार. सोनोग्राफीत यकृत मेदुर, एसजीपीटी ७८, एकूण कोलेस्टेरॉल १०८, एलडीएल ५२. ना स्थौल्य, ना मद्य, ना मधुमेह. मग मेद आला कोठून? असा कागद पाहताच ‘अँटी-एचसीव्ही’ ही साधी तपासणी सांगणे हे त्या क्षणीचे सर्वांत मोलाचे चिकित्साकर्म ठरते. ती सकारात्मक आल्यास एचसीव्ही आरएनए तपासून विषाणू प्रत्यक्ष उपस्थित आहे की नाही हे निश्चित करावे लागते, कारण प्रतिपिंडे बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर राहतात.

येथे एक सावधगिरी. कोलेस्टेरॉल कमी असण्याचे आणखी एक गंभीर कारण म्हणजे सिरोसिसमुळे यकृताची निर्मितीक्षमताच ढासळणे. अल्ब्युमिन कमी, प्रोथ्रॉम्बिन काल वाढलेला, प्लेटलेट घटलेले असे चित्र सोबत असेल तर तो विषाणूचा सुरुवातीचा खेळ नसून व्याधी पुष्कळ पुढे गेल्याची खूण समजावी. एक सोपे गणित दवाखान्यात बसल्या जागी करता येते. एसजीओटीच्या आकड्यास त्याच्या सामान्य कमाल मर्यादेने भागावे, आलेल्या संख्येस प्लेटलेटच्या हजारांतील संख्येने भागून शंभराने गुणावे. एसजीओटी ८० असून मर्यादा ४० आणि प्लेटलेट १ लाख असतील तर उत्तर २ येते. यास एपीआरआय म्हणतात. २ वा अधिक आल्यास सिरोसिसची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

मधुमेह आणि हृदय

विषाणू इन्सुलिनच्या संदेशवहनातही व्यत्यय आणतो, त्यामुळे या रुग्णांमध्ये मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते. एलडीएल कमी असूनही धमन्यांतील काठिण्य व हृद्रोग यांचा धोका अनेक अभ्यासांत वाढलेला दिसला आहे. दीर्घकालीन शोथ, इन्सुलिनरोध व मेदुर यकृत ही त्यामागील कारणे मानली जातात. म्हणजे कमी एलडीएलचे संरक्षण या रुग्णास मिळतेच असे गृहीत धरता येत नाही.

विषाणू गेल्यावर काय होते?

इंटरफेरॉनच्या काळात ही चिकित्सा कष्टप्रद होती आणि तिचे यश अनिश्चित होते. त्या काळीच असे दिसून आले होते, की उपचारापूर्वी एलडीएल जास्त असणाऱ्यांचा प्रतिसाद चांगला असतो. २०१३च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि २०१५ पासून भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधे उपलब्ध झाली. आज सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटासव्हिर किंवा व्हेल्पाटासव्हिर तोंडावाटे बहुधा १२ आठवडे घेऊन ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण विषाणुमुक्त होतात. २०१६ मध्ये पंजाब सरकारने मोफत उपचारांचा कार्यक्रम सुरू केला. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत शासकीय उपचार केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए आढळला नाही तर रुग्ण बरा झाला असे मानले जाते. त्याच सुमारास एलडीएल व एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते. तुंबलेले कोठार मोकळे होऊन वाहतूक पूर्ववत झाल्याचे ते चिन्ह होय. रुग्ण मात्र घाबरतो. ‘औषधाने कोलेस्टेरॉल वाढले’ असे म्हणत तो आपल्याकडे येतो. त्यास ही वाढ समजावून सांगावी. परंतु ती दुर्लक्षूही नये. विषाणूने झाकून ठेवलेली त्याची मूळ प्रवृत्ती आता उघडी पडली आहे. काहींत ही वाढ चिकित्सायोग्य पातळीवर पोहोचते. म्हणून विषाणुमुक्तीनंतर लिपिड प्रोफाइल पुन्हा करून हृद्रोगाच्या धोक्याचा विचार नव्याने करणे इष्ट.

आयुर्वेदीय विचार

हिपॅटायटिस सी हा विषाणू संहितांत वर्णिलेला आहे असे सिद्ध करण्याचा अट्टाहास आपण करू नये. शास्त्राची प्रतिष्ठा त्याने वाढत नाही. परंतु त्याने घडविलेली विकृती समजून घेण्यास आपली परिभाषा निश्चित समर्थ आहे.

चरकाचार्यांनी रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत व प्लीहा सांगितले आहे, तर मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी रंजक पित्ताचे स्थान यकृत-प्लीहा मानले. म्हणजे शास्त्रदृष्ट्या यकृत हे प्राधान्याने रक्ताचे स्थान आहे. या व्याधीत रक्तावाटे आलेला आगंतु हेतू रक्तवह स्रोतसाच्या मुळाशी जाऊन स्थिरावतो आणि तेथून मेदास दूषित करतो, अशी मांडणी केल्यास ती ग्रंथाशी सुसंगत राहते.

स्रोतोदुष्टीचे चार प्रकार येथे उपयोगी पडतात. व्हीएलडीएल बाहेर न पडणे हा संग. मेदाची अतिनिर्मिती ही अतिप्रवृत्ती. मेदाने आपले स्थान सोडून यकृतपेशींत साठणे हे विमार्गगमन. मेदाचे मंद ज्वलन म्हणजे मेदोधात्वग्नीचे मांद्य. ही तुलना आहे, समीकरण नव्हे, एवढे भान ठेवले तर तिचा विद्यार्थ्यांना शिकवितानाही उपयोग होईल.

याहून महत्त्वाचा मुद्दा हेतूचा. अव्यायाम, दिवास्वाप, श्लेष्मल आहार हे मेदोरोगाचे परिचित हेतू होत. प्रकार १च्या स्थूल रुग्णात ते बहुधा सापडतील आणि तेथे अपतर्पण युक्त ठरेल. प्रकार ३च्या कृश रुग्णात हा संतर्पणज हेतू नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ वाचले म्हणून त्यास लेखन, लंघन, कडक उपवास सांगणे म्हणजे कृशाचे कर्शन करणे होय. सिरोसिसकडे झुकलेल्या रुग्णात मांसक्षय हा स्वतंत्र धोका असतो. आधुनिक आहारशास्त्र अशा रुग्णास शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि रात्री झोपण्यापूर्वी अल्पसा आहार सुचविते. बल राखणे हे आपल्या शास्त्रासही अभिप्रेतच आहे.

चिकित्सेचा पाया निदानपरिवर्जन होय, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. येथे निदान म्हणजे विषाणू, आणि १२ आठवड्यांत त्याचे परिवर्जन करणारे साधन उपलब्ध आहे. भूम्यामलकी वर्गातील वनस्पतींविषयी हिपॅटायटिस बीच्या संदर्भात १९८८ मध्ये चेन्नईहून उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. पुढील अभ्यासांत ते तसेच्या तसे मिळाले नाहीत. सिलिमारिनचा हिपॅटायटिस सीमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यकृतविकरांवर लाभ दिसला नाही. विषाणू नष्ट करण्याचा दावा आज आपल्या कोणत्याही कल्पाविषयी करता येत नाही. एसजीपीटी उतरली म्हणून विषाणू गेला असे होत नाही. या व्याधीत ती आपोआपही चढउतार होत असते. दोन वर्षे कल्प देऊन रुग्ण सिरोसिसच्या उंबरठ्यावर गेला, तर त्या दोन वर्षांचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

कल्प योजताना घ्यावयाची काळजी

विषाणुविरोधी उपचार चालू असताना रुग्ण आपली औषधेही घेत असतो, आणि बहुधा तिकडच्या डॉक्टरांना ते सांगत नाही. म्हणून पुढील मुद्दे विचारात घ्यावेत.

गुग्गुळ : १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे गुग्गुळावर केलेल्या प्रबंधापासून त्याचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. पुढे प्रयोगशाळेत असे आढळले, की गुग्गुळस्टेरोन पीएक्सआर या ग्राहकास चेतवून सीवायपी३ए हे विकर वाढविते. डॅक्लाटासव्हिरचे विघटन याच विकराने होते. गुग्गुळामुळे औषधाची रक्तातील पातळी घटू शकते, हे यावरून काढलेले अनुमान आहे. तरी १२ आठवडे गुग्गुळकल्प थांबविण्याने काहीच हानी नाही. आरोग्यवर्धिनीतही गुग्गुळ असतो हे विसरू नये. शिवाय ज्याचे एलडीएल आधीच ५२ आहे, त्यास मेदोहर म्हणून गुग्गुळ देण्याचे प्रयोजन तरी काय?

क्षारीय भस्मे : व्हेल्पाटासव्हिरच्या शोषणासाठी जठरातील आम्लता आवश्यक असते. अँटासिड व हे औषध यांत चार तासांचे अंतर ठेवावे, असा निर्देश आहे. शंखभस्म, कपर्दिकभस्म व त्यांचे कल्प आम्लतानाशक असल्याने त्यांनाही हाच नियम लावणे शहाणपणाचे.

पिप्पली व मरिच : यांतील पायपरीन अनेक औषधांची जैवोपलब्धता बदलते. त्रिकटुयुक्त कल्प या काळात मोठ्या मात्रेत देऊ नयेत.

लोहकल्प : दीर्घकालीन हिपॅटायटिस सीमध्ये यकृतात लोह साठण्याची प्रवृत्ती असते. पांडुता दिसली म्हणून मंडूर वा नवायस लोह लगेच सुरू न करता फेरिटिन तपासावे.

आसव-अरिष्टे : कुमार्यासव, रोहितकारिष्ट हे यकृतविकारातील परंपरागत कल्प होत. परंतु त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. विषाणुजन्य यकृतविकारात अल्प मद्यही वर्ज्य मानले जाते. तीच द्रव्ये क्वाथ वा चूर्णरूपाने देता येतात.

विरेचन : उदररोगात शास्त्राने विरेचनाचे महत्त्व सांगितले आहे. तथापि जलोदर असलेल्या सिरोसिसच्या रुग्णात तीव्र विरेचनाने जलक्षय, वृक्कांवर ताण व मानसिक संभ्रम उद्भवू शकतो. ते रुग्णालयीन देखरेखीशिवाय करू नये.

गुळवेल : २०२१ मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या ६ रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले, आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचा आक्षेप घेतला. वाद कोणत्याही बाजूने मिटो, सक्रिय यकृतशोथात एसजीपीटीवर लक्ष न ठेवता कोणतेही द्रव्य महिनोन्‌महिने देणे योग्य नाही.

मग आपले कार्य कोणते? ते अल्प नाही. अग्नीचे रक्षण, सुपाच्य व बल्य आहाराची योजना, निद्रा व विहाराचे मार्गदर्शन, मद्य सोडण्यास साहाय्य, उपचारात खंड पडू नये म्हणून पाठपुरावा, आणि विषाणू गेल्यानंतर प्रकट होणारे स्थौल्य, मधुमेह व मेदोवृद्धी यांची दीर्घकालीन चिकित्सा. या शेवटच्या टप्प्यात रुग्ण पुढची वीस वर्षे आपल्याच हाती असतो. सिरोसिस झालेल्या रुग्णास मात्र विषाणुमुक्तीनंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आवश्यक असते, कारण कर्करोगाचा धोका पूर्णतः जात नाही. हे त्याला स्मरण करून देणेही आपलेच काम.

औषधविक्रेत्यांसाठी

सोफोसबुव्हिरचे प्रिस्क्रिप्शन दिसताच रुग्ण अन्य काय घेतो हे विचारावे. अमिओडॅरोनसोबत हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावू शकते. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांमुळे विषाणुविरोधी औषधाचा परिणाम घटतो. व्हेल्पाटासव्हिर घेणाऱ्यास आम्लपित्ताच्या गोळ्या आपणहून देऊ नयेत. काही स्टॅटिनांची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. त्यासाठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा. मधुमेही रुग्णास सांगावे, की उपचारकाळात साखर अनपेक्षितपणे उतरू शकते. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का हेही विचारावे, कारण सुप्त बी विषाणू या उपचारात पुन्हा जागृत होऊ शकतो. ‘लिव्हर टॉनिक’ मागणाऱ्या ग्राहकाने यापूर्वी तेच किती वेळा नेले, याची नोंद दुकानात असेल तर तिसऱ्या बाटलीच्या वेळी तपासणीचा सल्ला द्यावा. तो सल्ला बाटलीपेक्षा मोलाचा ठरेल.

सुईचा धडा

इजिप्तमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिस्टोसोमियासिस या कृमिरोगाविरुद्ध शासकीय मोहिमा राबविण्यात आल्या. इंजेक्शने तीच, सुयाही त्याच, नीट निर्जंतुक न केलेल्या. एक व्याधी घालविण्याच्या प्रयत्नात दुसरी घरोघर पोहोचली आणि तो देश हिपॅटायटिस सीने जगात सर्वाधिक ग्रस्त ठरला. २०१८-१९ मध्ये त्याच देशाने सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, रुग्णांवर उपचार केले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या मार्गावरील त्याच्या प्रगतीस ‘सुवर्ण’ श्रेणी दिली. हेतुपरिवर्जन सामूहिक पातळीवरही शक्य असल्याचे हे उदाहरण होय.

या विषाणूवर लस नाही आणि एकदा बरे झालेल्यास पुन्हा संसर्ग होऊ शकतो. म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या दवाखान्यात इंजेक्शन, रक्तमोक्षण, अग्निकर्म वा विद्धकर्म केले जाते, त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई व नवे पाते वापरणे आणि वापरलेले लगेच नष्ट करणे हा नियम कसोशीने पाळावा. जळू एका रुग्णास लावल्यावर दुसऱ्यास कदापि लावू नये.

पुढील वेळी कृश रुग्णाचा मेदुर यकृताचा रिपोर्ट आणि शंभराच्या आसपासचे कोलेस्टेरॉल एकत्र हाती आले, तर तो कागद घडी करून परत देण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि एक रक्ततपासणी लिहावी. अँटी-एचसीव्ही नकारात्मक आली तर रुग्णाचे थोडेसे पैसे खर्च होतील. सकारात्मक आली, आरएनएनेही तिला दुजोरा दिला आणि रुग्ण वेळेत उपचार केंद्रात पोहोचला, तर त्याचे यकृत वाचेल.